आयात बंद केली तर कायम नोकऱ्या परत येतील का?

प्रश्न पलूस तालुक्यातील एका पालकांचा आहे. त्यांचे वडील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झाले. त्या एका पगारावर घर बांधून झाले, मुलांची शिक्षणे झाली, बहिणींची लग्ने झाली. आता नातवाने मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आहे आणि त्याला कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत महिना चौदा हजारांची नोकरी मिळत आहे. ते विचारतात की हे चिनी मालामुळे झाले का, आयात बंद केली तर कायम नोकऱ्या परत येतील का, आणि मुलाने आता काय करावे. थोडी शेती विकून वर्कशॉप टाकावे, असाही एक विचार घरात चालू आहे. सांगली, मिरज आणि पलूस भागातील फौंड्र्यांत (धातू ओतण्याच्या कारखान्यांत) व मशीनशॉपमध्ये आधी उत्पादन विभागात आणि पुढे खर्चाच्या हिशेबाचा सल्लागार म्हणून माझे आयुष्य गेले, त्यामुळे मी याकडे कारखान्याच्या आतून पाहतो आणि उत्तरही तिथूनच देतो.

आयातीचा वाटा या बदलात निश्चित आहे. तथापि तो बहुतेकांना वाटतो त्या वाटेने आलेला नाही. बंदरावर चिनी माल उतरला आणि तोच माल बनवणारा कुपवाडचा कामगार घरी बसला, असे आपल्या भागात मोजक्या वस्तूंच्या बाबतीत घडले. त्याहून कितीतरी अधिक घडले ते असे, की माल इथेच बनत राहिला, महिन्याचे टनेजही वाढले, परंतु कारखान्याचा मधला थर पातळ होत गेला. कायम कुशल कामगार, पॅटर्नमेकर (साच्यासाठीचा नमुना बनवणारा), ड्राफ्ट्समन, टूलरूममधला (हत्यारे व साचे बनवणाऱ्या खात्यातला) फिटर, तपासणीचा माणूस, स्टोअरकीपर, शिफ्टचा सुपरवायझर हा तो थर. आपले वडील त्याच थरातले होते, आणि सांगली-सातारा भागात नोकरीवर जगणारा जो मध्यमवर्ग उभा राहिला त्यात शिक्षक आणि बँकवाल्यांच्या बरोबरीने या थराचा मोठा हात होता.

साताऱ्याचे उदाहरण घ्यावे. बजाज ऑटो आणि वेस्टर्न महाराष्ट्र डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन यांच्या भागीदारीतून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली आणि साताऱ्यातून प्रिया स्कूटर बाहेर पडू लागली. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. २००६ मध्ये तिथले गिअरच्या स्कूटरचे उत्पादन थांबले. परदेशी स्कूटर बाजारात आल्या म्हणून ते थांबले नाही; गिऱ्हाईक फोर-स्ट्रोक मोटरसायकलकडे आणि बिनगिअरच्या स्कूटरकडे वळले, आणि ही सगळी वाहने भारतातच बनत होती. नोकऱ्या समुद्रापार गेल्या नाहीत, देशातच दुसऱ्या गावी आणि दुसऱ्या वस्तूकडे गेल्या. अर्थात साताऱ्यातल्या ज्या घरातला पगार थांबला त्या घराला हा फरक समजावून सांगण्यात काही अर्थ नसतो.

अमेरिकेची हकीकत या विषयात नेहमी सांगितली जाते, म्हणून तिचे माप नीट घ्यायला हवे. तिथे कारखान्यांतील नोकऱ्या २००० साली १ कोटी ७० लाखांच्या वर होत्या, त्या २०१० पर्यंत सुमारे १ कोटी १५ लाखांवर आल्या. याच दशकाच्या तोंडावर, ११ डिसेंबर २००१ रोजी, चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे गेलेल्या नोकऱ्यांचा अंदाज २० ते २४ लाख असा काढला आणि त्यात कारखान्यांवर अवलंबून असलेल्या इतर धंद्यांतील नोकऱ्याही धरल्या आहेत. आकडा मोठा आहे, पण एकूण घटीपेक्षा बराच लहान आहे. उरलेली घट यांत्रिकीकरण, मंदी आणि बदललेली मागणी यांची. तरीही आपली आणि त्यांची तुलना एका मर्यादेपुढे चालत नाही. त्यांच्या हातात होते ते गेले, तर आपल्याकडे ते त्या प्रमाणात आलेच नाही. २०१४ मध्ये ‘मेक इन इंडिया’ जाहीर झाले तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नातील कारखानदारीचा वाटा २५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट होते. तो १६-१७ टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिला.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला याहून महत्त्वाचा वाटतो तो उद्योगांच्या वार्षिक पाहणीतील एक आकडा. देशातील नोंदणीकृत कारखान्यांतील कामगारांपैकी ठेकेदारामार्फत घेतलेल्यांचे प्रमाण या शतकाच्या सुरुवातीला २० टक्क्यांच्या आसपास होते. २०२२-२३ मध्ये ते ४० टक्क्यांच्या वर गेले. या काळात कारखान्यांतील कामगारांची एकूण संख्या घटली नाही, वाढली. म्हणजे नोकरी नाहीशी झालेली नसून नोकरीची जात बदलली आहे, आणि ती का बदलली हे पाहायचे तर कारखान्याच्या कोटेशनचा कागद उघडावा लागतो.

बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) साध्या कास्टिंगचा, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या भागाचा, ढोबळ हिशेब असा असतो. विक्रीच्या शंभर रुपयांपैकी ५५ ते ६० रुपये भंगार, पिग आयर्न आणि मिश्रधातूंना जातात. एक टन लोखंड इंडक्शन फर्नेसमध्ये वितळवायला साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट वीज लागते. तिचे आणि इतर विजेचे मिळून १० ते १२ रुपये होतात. साच्याची वाळू, ती बांधणारे बेंटोनाइट व रेझिन, आतल्या पोकळीसाठीचा कोअर आणि सफाईचे शॉट यांना ८ ते १०. मजुरी आणि सर्व पगार मिळून १० ते १२, सोयीसाठी ११ धरू. राहिलेल्या दहाएक रुपयांत दुरुस्ती, वाहतूक, बँकेचे व्याज, रिजेक्शन (नापास झालेला माल) आणि मालकाचा नफा बसवायचा असतो.

आता मोठा ग्राहक दरवर्षी पुरवठादाराकडे दोन-तीन टक्के भाव कमी करून मागतो, हे या धंद्यात शिरस्त्याचे झाले आहे. तीन टक्के ही रक्कम ऐकायला किरकोळ वाटते. पण ती काढायची कुठून? भंगाराचा भाव बाजाराप्रमाणे चढतो-उतरतो आणि त्याचा फरक ग्राहकाबरोबर ठरलेल्या सूत्राने मिळतो, त्यात हात घालता येत नाही. विजेचा दर महावितरणचा, व्याजाचा दर बँकेचा. वाळूत काटकसर केली तर रिजेक्शन वाढते. राहता राहिली मजुरी. आणि अकरा रुपयांतून तीन रुपये काढायचे म्हणजे मजुरीचा पाव भागाहून अधिक हिस्सा एका वर्षात कापायचा. कायम कामगाराच्या बाबतीत हे शक्य नसते, कारण त्याच्या पगारावर भविष्यनिर्वाह निधीचे १२ टक्के, बोनसचे किमान ८.३३ टक्के, ग्रॅच्युइटीसाठी पावणेपाच टक्क्यांची तरतूद आणि भरपगारी रजा चढते, शिवाय करार झाला की मूळ पगारच वाढतो. म्हणून निवृत्त झालेल्याची जागा भरली जात नाही. तिथे ठेकेदारामार्फत घेतलेला मुलगा येतो. कायद्याने त्यालाही निधी आणि विमा मिळायचा असतोच. परंतु ठेकेदार बदलला की त्याची सेवा पुन्हा शून्यापासून मोजली जाते, आणि ग्रॅच्युइटीच्या पाच वर्षांपर्यंत तो एका नावावर टिकत नाही. मालक क्रूर असतो असे मला म्हणायचे नाही. एखाददुसरा असतो. बहुतेक जण त्या तीन रुपयांपुढे हतबल असतात.

इथे आयात शिरते, आणि तीही माल न येता. ग्राहकाचा खरेदी अधिकारी समोर एक कागद ठेवतो: हाच भाग चीनमधून बंदरापर्यंत इतक्यात पडतो, तुम्ही त्याच्या जवळ या, नाहीतर आम्हाला विचार करावा लागेल. वजनदार बीडाचा माल, कमी नगसंख्या, महिन्यातून दोनदा बदलणारे वेळापत्रक आणि दोन-तीन महिने आधी द्यावी लागणारी ऑर्डर या सर्वांचा विचार करता तो भाग चीनमधून येणार नसतो, हे त्याला माहीत असते आणि पुरवठादारालाही. पण तो भाव एकदा कागदावर आला की बोलणी त्याच्यापासून सुरू होतात. न आलेल्या कंटेनरने मजुरी खाली आणलेली मी जितक्या वेळा पाहिली तितक्या वेळा आलेल्या कंटेनरने आणलेली पाहिली नाही. सरकारी आयातीच्या आकड्यांत हा परिणाम कुठेच दिसत नाही, आणि त्यामुळे त्यावर बोललेही जात नाही.

चीनचा तो भाव स्वस्त मजुरीमुळे आहे, ही समजूतही आता जुनी झाली. चीनमधील कारखान्यातील कामगाराचा पगार आज आपल्या कामगाराच्या कितीतरी पट आहे. त्यांचे वार्षिक ओतकाम पाच कोटी टनांच्या घरात आहे आणि जगात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या भारताचे त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास. पाच कोटी टन ओतणाऱ्या देशात कोअरपेटी बनवणारा, इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराची पाती) विकणारा, उष्णतोपचार करणारा, गेज तपासून देणारा प्रत्येक जण हाकेच्या अंतरावर असतो आणि प्रत्येकाला भरपूर काम असते. त्यांचा भाव त्या गोतावळ्यामुळे आहे. आपण मजुरी कापून त्या भावाशी बरोबरी करू पाहतो, म्हणजे ज्या बाजूने ते आपल्यापेक्षा महाग आहेत त्याच बाजूने आणखी स्वस्त होऊ पाहतो, आणि ज्या टूलरूमच्या बाजूने ते पुढे गेले ती बाजू आपण बंद करत आणली.

पॅटर्नशॉप हे त्याचे ठळक उदाहरण आहे. पूर्वी बऱ्याचशा फौंड्रीत एका कोपऱ्यात सागवानी लाकडाचा वास असलेली खोली असे आणि तिथला पॅटर्नमेकर हा कारखान्यातला जवळपास सर्वांत मानाचा माणूस असे. बीड थंड होताना मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर आकसते, म्हणून त्याच्याकडे तेवढ्या वाढीने आखलेली श्रिंकेजची पट्टी असे. साध्या फूटपट्टीला तो हात लावत नसे. कुठल्या बाजूला मशिनिंगसाठी तीन मिलिमीटर सोडायचे, साच्यातून पॅटर्न निघावा म्हणून ढाळ किती द्यायचा, कोअरचा प्रिंट कुठे घ्यायचा, जाड आणि पातळ भाग जिथे मिळतात तिथे पोकळी पडू नये म्हणून धातू कुठून सोडायचा, हे सगळे त्याच्या हातात होते. ड्रॉइंग घेऊन आलेल्या ग्राहकाच्या इंजिनिअरला तो सांगू शके की हा कोपरा असा ठेवलात तर शंभरात दहा तुकडे फुटतील, आणि तो इंजिनिअर ड्रॉइंग बदलून आणी.

हे काम नाहीसे झाले नाही, बाहेर गेले. पॅटर्न आता ॲल्युमिनियमचा असतो, संगणकावरच्या मॉडेलवरून व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) कापला जातो, आणि तो बनवणारी दुकाने कोल्हापुरात किंवा पुण्यात असतात; कित्येकदा ग्राहकच तो बनवून पाठवतो आणि पॅटर्नवर त्याची मालकी राहते. अचूकतेच्या दृष्टीने ही प्रगती आहे. लाकडी पॅटर्न पावसाळ्यात फुगत असे, त्याच्या आठवणीने हळवे होण्याचे कारण नाही. मात्र फौंड्रीच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा झाला, की पॅटर्न ग्राहकाचा, ड्रॉइंग ग्राहकाचे, तपासणीचे गेज ग्राहकाचे, आणि फौंड्रीकडे उरली ती भट्टी, वाळू आणि माणसे. ज्याच्याकडे फक्त एवढेच आहे तो भावावर घासाघीस करू शकत नाही, कारण ग्राहक उद्या तोच पॅटर्न उचलून शेजारच्या शेडमध्ये नेऊ शकतो. टूलरूम आणि पॅटर्नशॉप बंद झाल्यावर तिथल्या पाच-सात जणांचे पगार वाचले, आणि उरलेल्या सत्तर-ऐंशी जणांची पगारवाढ मागण्याची ताकद त्याबरोबर गेली.

आता जिथे आयातीने थेट घाव घातला तिथेही पाहू. फवारणीचा पंप आपल्याकडे घरोघरी लागतो; द्राक्षाच्या बागांना तर त्याच्याशिवाय चालत नाही. पाठीवरचे पितळी पंप आपल्या भागात बनत. अशाच एका छोट्या कारखान्यात पत्रा कापणारे, झाळकाम करणारे, लेथवर नोझल काढणारे, वॉशर बसवून दाब तपासणारे असे वीसेक लोक होते. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, सोळा लिटरच्या प्लॅस्टिक टाकीचा पंप चीनमधून येऊ लागला, तेव्हा मालकाने दोन हंगाम टक्कर दिली. मग त्याने स्वतःच न्हावा शेवामार्गे माल आणायला सुरुवात केली. आज त्या शेडमध्ये खोकी उतरवणे, स्वतःच्या नावाचा स्टिकर लावणे आणि एकेक पंप चालू करून पाहणे एवढेच होते; चार-पाच माणसांना पुरते. मालकाचे उत्पन्न पूर्वीपेक्षा बरे आहे आणि डोकेदुखी कमी आहे. आधीच्या झाळकाम करणाऱ्यांपैकी काही जण गेट आणि ग्रिलच्या कामाला लागले, काही शेतीकडे गेले. त्या मालकाला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, पण शेतकऱ्याला पंप हलका आणि हात न दुखवणारा मिळाला, हेही त्याच हिशेबात धरायला हवे. माझी खंत निराळी आहे. त्या पंपातली लहान मोटर, चार्जर आणि डायाफ्राम हे भाग इथे बनवून पाहण्याची शक्यता त्या कारखान्यात होती, कारण त्याच्याकडे लेथवरची माणसे होती. ती पांगल्यावर आज आयात महाग झाली तरी त्या शेडमध्ये पंप बनवणारा कोणी नाही.

यावरून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघते. आयातीला आडकाठी केल्याने कधी फायदा होतो आणि कधी होत नाही, हे त्या वस्तूची बनवण्याची कला अजून देशात शिल्लक आहे का, यावर ठरते. खेळण्यांवरचे शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेले आणि १ जानेवारी २०२१ पासून गुणवत्तेची सक्ती केली. त्यानंतर आयात बरीच घसरली आणि देशी कारखाने उभे राहिले, कारण प्लॅस्टिक मोल्डिंग करणारे आणि डाय (साचे) बनवणारे लोक देशात होते. याउलट पोलादाचे पाहा. एप्रिल २०२५ मध्ये सपाट पोलादाच्या काही प्रकारांवर १२ टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क लावले गेले. त्याने मोठ्या पोलाद कंपन्यांना श्वास मिळाला, पण तोच पत्रा घेऊन ट्रॉली, टाक्या आणि कृषी अवजारे बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांचा कच्चा माल देशातही महाग होण्याची वाट मोकळी झाली, आणि माणसे लागतात ती अशा छोट्या कारखान्यांत. चीनमधून २०२४-२५ मध्ये भारतात सुमारे ११३ अब्ज डॉलरचा माल आला आणि आपला तिकडे गेला सुमारे १४ अब्जांचा. हा आकडा भयंकर आहे यात शंका नाही. तथापि त्यात दुकानात दिसणाऱ्या वस्तूंपेक्षा यंत्रे, इलेक्ट्रॉनिक भाग, बॅटऱ्या, रसायने आणि औषधांचा कच्चा माल यांचा भरणा जास्त आहे. आपल्या मुलाच्या वयाचा मुलगा कुपवाडमध्ये ज्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनवर उभा राहील तिचा कंट्रोलर बहुधा जपानी किंवा जर्मन असेल. २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृद्धातूंच्या चुंबकांची निर्यात परवान्याखाली आणली तेव्हा आपल्या वाहन कंपन्यांची धावपळ झाली; अशा वस्तूंची आयात आपण स्वतःहून बंद केली तर पहिला फटका आपल्याच कारखान्यांना बसेल.

आणि समजा, उद्या प्रत्येक वस्तूवर भरपूर शुल्क लागले. तरी वरचा शंभर रुपयांचा हिशेब बदलतो का, हा खरा प्रश्न आहे. ग्राहक एकच मोठा, पुरवठादार पन्नास, आणि पॅटर्न ग्राहकाचा, ही स्थिती तशीच राहिली तर शुल्काचा लाभ ग्राहकाच्या ताळेबंदात जाईल. कुपवाडमध्ये ठेकेदाराची माणसे वाढतील, कायम जागा वाढणार नाहीत. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये माळरानावर उभी राहिली तेव्हा देशात परकीय सत्ता होती आणि बाजारात विलायती नांगर होते. औंधच्या राजांनी जमीन दिली हा मोठा आधार होता, शुल्काची भिंत मात्र पाठीशी नव्हती. परंतु नांगर त्यांचा स्वतःचा होता. त्याचा फाळ किती लांब असावा हे ते ठरवत, भाव ते ठरवत, आणि म्हणून कामगाराला घर, शाळा आणि कायम पगार देण्याचे ठरवणेही त्यांच्या हातात होते. स्वतःचे उत्पादन असलेले कारखाने आजही आपल्या भागात आहेत. कुणी पंप बनवतो, कुणी बेदाण्याची किंवा हळदीची यंत्रे. त्यांची संख्या वाढली तर कायम नोकऱ्या वाढतील असे मी खात्रीने म्हणू शकतो, कारण अशा ठिकाणी ड्रॉइंग काढणारा आणि टूल बनवणारा माणूस मालकाला सोडवत नाही.

आता मुलाविषयी. चौदा हजारांची नोकरी घ्यायची की नाही, हे पगारापेक्षा तो कुठल्या खात्यात उभा राहणार यावर ठरवावे. लाइनवर लोड-अनलोड करायचे असेल तर वर्षाने त्याला आजच्याइतकेच येत असेल. टूलरूम, मेंटेनन्स, सीएनसीचे सेटिंग किंवा तपासणी यांपैकी कुठे जागा मिळत असेल तर पगार हजार-दोन हजारांनी कमी असला तरी तिथे जावे. मुलाखतीत त्याने विचारावे की कारखान्याचे स्वतःचे काही उत्पादन आहे का आणि डाय व फिक्स्चर (काम मशीनवर पकडून ठेवणारी साधने) कुठे बनतात. या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरावरून त्या कारखान्याची पुढची दहा वर्षे बरीचशी कळतात. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूलरूमसारख्या ठिकाणी टूल अँड डायचे पदविकोत्तर शिक्षण मिळते. खर्च झेपत असेल तर नोकरीआधी ते करणे मला अधिक पसंत पडेल. पुण्याला, चाकणला जाण्याचा मोह होईल. तिथे पगार जास्त दिसतो, पण खोलीभाडे आणि मेस वजा केल्यावर कुपवाडच्या तुलनेत किती उरते, याचा हिशेब घरी बसून आधी करावा.

नोकरी कोणतीही घेतली तरी कागद पक्का असावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या असून त्यांनुसार नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे, आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीतही एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. म्हणून ठेकेदाराच्या नावावर राहण्यापेक्षा कंपनीच्या नावावर मुदतीची नोकरी मिळत असेल तर ती बरी. पहिल्या महिन्यानंतर निधीच्या खात्यात पैसे जमा झाले का, हे त्याने मोबाइलवर स्वतः पाहावे. जादा तासांचे पैसे दुप्पट दराने मिळायला हवेत. बऱ्याच ठिकाणी ते साध्या दराने रोख दिले जातात आणि मुले खूश असतात.

शेती विकून वर्कशॉप टाकण्याविषयी माझे मत आज तरी नकारार्थी आहे. नवीन सीएनसी लेथ आणून जॉबवर्क (दुसऱ्याचे काम मजुरीवर) करायचे म्हणजे त्याच तीन रुपयांच्या खेळात सर्वांत खालच्या पायरीवर उतरायचे. तिथे मशीनचा ताशी दर वर्षानुवर्षे हलत नाही आणि बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला जातो. मुलाने टूलरूममध्ये तीन-चार वर्षे काढावीत, कोणत्या वस्तूची दुरुस्ती किंवा सुटा भाग आपल्या भागात लवकर मिळत नाही याची नोंद ठेवावी, आणि तेव्हा जुन्या चांगल्या मशीनवर ती एक वस्तू बनवून पाहावी. जमीन तोवर हलवू नये.

आणि तो दिवस आला की पहिले काम उद्यम नोंदणीचे, म्हणजे सरकारकडे लहान उद्योग म्हणून नाव नोंदवण्याचे; तीही उत्पादक म्हणून, व्यापारी म्हणून नव्हे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. २००६ च्या कायद्यात हे होतेच, पण कोणी जुमानत नसे. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यातील नवी तरतूद लागू झाली आणि मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येईनाशी झाली, तेव्हापासून मार्च महिन्यात थकबाकी निघू लागली आहे. काही ग्राहक यावर उपाय म्हणून पुरवठादाराला नोंदणी रद्द करायला सांगतात. तसे सांगणाऱ्याचे काम घेऊ नये, आणि इतरांच्या बाबतीतही पैशांची मुदत पहिल्या ऑर्डरच्या कागदावरच लिहून घ्यावी. दुसऱ्या ऑर्डरच्या वेळी ती लिहून मिळत नाही.